अपक्षाला हमीभाव नसतो

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या मतदारांनी 2009 आणि 2014 अशा लागोपाठ दोन विधानसभा निवडणुकांत अपक्ष आमदार निवडून दिला, आणि दोन्ही वेळी माणूस वेगळा. 2009 ला कृषिभूषण साहेबराव पाटील. 2014 ला शिरीष चौधरी, नंदुरबारहून आलेले उद्योजक. 2014 हे वर्ष आठवा. युती तुटलेली, आघाडी तुटलेली, चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढलेले आणि वर मोदी लाट. त्या गदारोळात अख्ख्या महाराष्ट्रातून 288 पैकी फक्त 7 अपक्ष निवडून आले. त्यातला एक आमच्या खानदेशातला.

पुढचा क्रम मात्र दोनदा वाचावा लागेल. 2014 ला चौधरींनी ज्यांना हरवलं ते अनिल भाईदास पाटील तेव्हा भाजपचे उमेदवार होते, आणि आधीचे अपक्ष साहेबराव पाटील तोवर राष्ट्रवादीचे झाले होते. निवडून आल्यावर चौधरी भाजपच्या बाजूला जाऊन बसले. 2019 ला तेच भाजपचे उमेदवार, आणि अनिल पाटील राष्ट्रवादीचे. जिंकले पाटील. 2023 ला राष्ट्रवादी फुटली, पाटील अजित पवारांबरोबर गेले आणि मदत व पुनर्वसन मंत्री झाले, म्हणजे भाजप ज्या सरकारात होती त्याच सरकारात. 2024 ला चौधरींना भाजपची जागाच उरली नाही. ते परत अपक्ष उभे राहिले आणि हरले. दहा वर्षं, तीन निवडणुका, समोरासमोर तीच दोन माणसं. बदलत गेली ती फक्त चिन्हं.

या दोघांपैकी कुणाच्या कामाचा हिशेब मला इथे मांडायचा नाही. तो अमळनेरकरांनी मतपेटीत वेळोवेळी मांडलेला आहे. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. धंद्यात नाव आणि पैसा कमावलेला माणूस अपक्ष म्हणून उभा राहतो, तेव्हा तो नेमका कुणापासून स्वतंत्र असतो?

आमच्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. बाजार समितीच्या आवारात, कापसाच्या गाड्या काट्याला लागल्या असताना, कुठल्याही टपरीवर विचारा. उत्तर अहिराणीत येईल: ‘त्यानाजोडे बक्कळ शे, तो काय खाई?’ त्याच्याजवळ भरपूर आहे, तो कशाला खाईल! हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. उमेदवार बदलतात, वाक्य बदलत नाही. गंमत म्हणजे हे वाक्य बोलणारा शेतकरी व्यापाऱ्याला चांगला ओळखून असतो. काट्यात किती घट जाते, ओलाव्याच्या नावाखाली किती कापतात, केळीचा भाव बोर्डावर एक आणि बागेत एक कसा असतो, हे त्याला तोंडपाठ असतं. ज्याच्याजवळ बक्कळ आहे तोच काट्यावर अर्धा किलो सोडत नाही, हा त्याचा रोजचा अनुभव. तरी निवडणुकीच्या वेळी तो म्हणतो, तो काय खाई.

मी याला भाबडेपणा म्हणणार नाही. त्यामागे एक हिशेब आहे. पक्षाच्या उमेदवाराला वर पैसा पोचवावा लागतो, तिकिटाचा खर्च काढावा लागतो, असं लोक धरून चालतात. अपक्षाच्या डोक्यावर हे ओझं नाही, म्हणून तो कमी वसूल करेल. तर्क चुकीचा नाही, अर्धा आहे. पैसा तिकिटाला नाही लागला, तरी निवडणुकीला लागतोच.

किती लागतो ते कागदावर बघा. विधानसभेच्या उमेदवाराला 2014 आणि 2019 ला 28 लाखांची खर्चमर्यादा होती, 2024 ला 40 लाखांची. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 77 व्या कलमानुसार हा हिशेब अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतचाच. त्याआधी दोन वर्षं सुरू असलेले पाण्याचे टँकर, डोळे तपासणीची शिबिरं, गावोगावचे सप्ताह, कबड्डीच्या स्पर्धांना दिलेल्या ढाली आणि थंडी सुरू झाली की शेतात होणाऱ्या भरीत-पार्ट्या, यातलं काहीच त्यात मोजलं जात नाही. मोजता येणारही नाही. तो समाजकार्याचा खर्च!

शिवाय कायदा अपक्षाला सावत्र वागणूक देतो, हेही खरं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. मग हातात उरलेल्या दोन आठवड्यांत कपबशी, शिट्टी, बॅट असलं काहीतरी दोन-अडीचशे गावांत पोचवायचं. मोठ्या पक्षांना चाळीस स्टार प्रचारक नेमता येतात आणि त्यांच्या विमान-हेलिकॉप्टरचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही. अपक्षाला असा एकही प्रचारक नाही, आणि त्याच्या जीपचं डिझेलसुद्धा त्याच्याच खात्यात.

या सगळ्याचा परिणाम काय होतो? शाळामास्तर, वकील, आंदोलनातला कार्यकर्ता अपक्ष उभा राहतो आणि एक षष्ठांश मतं न मिळाल्यानं दहा हजारांची अनामत घालवून घरी येतो. अपक्ष म्हणून टिकू शकतो तो ज्याच्याकडे स्वतःची यंत्रणा आधीच तयार आहे तो. जिनिंगवरचे मुनीम, संस्थेतले शिक्षक, पतसंस्थेचे एजंट, ट्रकचे ड्रायव्हर, साईटवरचे सुपरवायझर. पक्षाला कार्यकर्ता घडवायला वीस वर्षं लागतात. धंदेवाल्याचा कार्यकर्ता पगारपत्रकावर असतो. कायद्यानं अपक्षाची वाट अडवली, पण अडवला गेला तो गरीब अपक्ष. श्रीमंत अपक्षाला उलट मैदान मोकळं मिळालं.

आता निवडून आल्यानंतरचं. दहावी अनुसूची, म्हणजे 1985 चा पक्षांतरबंदी कायदा, अपक्षाबाबत पक्षवाल्यापेक्षाही कडक आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेल्यानं नंतर कुठल्याही पक्षात प्रवेश केला की तो अपात्र. हरियाणातल्या अपक्ष आमदारांवर अशी वेळ 2004 साली आली आणि सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली ती अपात्रता कायम ठेवली. पण बाहेरून पाठिंबा देणं वेगळं आणि पक्षात जाणं वेगळं, हा फरक न्यायालयानं मान्य केला. त्या फटीतूनच आपल्याकडचा ‘सहयोगी आमदार’ हा प्राणी जन्माला आला. तो बैठकीला जातो, गळ्यात उपरणं घालत नाही. सरकारच्या बाजूनं मत देतो, पक्षाच्या यादीत नसतो. लग्न नाही, नांदणं आहे.

आणि त्याचं मत पक्षवाल्याच्या मतापेक्षा महाग असतं. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदारानं आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. अपक्षानं ती कुणालाच दाखवायची नसते. जून 2022 ला सहाव्या जागेसाठी धनंजय महाडिक आणि संजय पवार यांच्यात जी ओढाताण झाली, त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या अपक्षांचे फोन कसे वाजत होते ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पुढच्या दहा-बारा दिवसांत गुवाहाटीचं नाट्य झालं. एकनाथ शिंदेंबरोबर जे अपक्ष गेले त्यात खानदेशातले दोघं होते, मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील आणि साक्रीच्या मंजुळा गावित. 2024 ला दोघंही धनुष्यबाणावर लढले आणि निवडून आले. चंद्रकांत पाटील काही व्यापारी घराण्यातले नव्हेत, शिवसेनेतलेच. नाथाभाऊंच्या, म्हणजे एकनाथ खडसेंच्या, मुक्ताईनगरात रोहिणी खडसेंना दोन हजारांहून कमी मतांनी हरवून ते अपक्ष आमदार झाले होते. मुद्दा इतकाच की वाट व्यापाऱ्याची असो की बंडखोराची, अपक्षपणाचा शेवट एकाच दारात होतो.

इथे मला कापूस आठवतो. अपक्ष म्हणजे हमीभाव नसलेला माल. विधानसभा काठावर असली की त्याला भाव येतो, बहुमत भरघोस असलं की रद्दी. 1995 ला 45 अपक्ष निवडून आले होते, त्यांच्या टेकूवर युतीचं सरकार उभं राहिलं आणि साडेचार वर्षं चाललं. त्याच काळात, 1997 साली, तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झालं. ते अपक्षांनी आणलं असा माझा दावा नाही, पण मागास भागातल्या सुट्या आमदारांना सांभाळायची गरज असलेलं सरकार मागास भागाकडे जरा जास्त बघतं, एवढं मी म्हणेन. 2009 ला 24 अपक्ष, 2019 ला 13. आणि 2024 ला? दोन. 288 मध्ये दोन. बाजार पडला.

लोक म्हणाले, अपक्ष संपले. मला तसं वाटत नाही. शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, दुकानं वाढली. पूर्वी ज्याला तिकीट मिळालं नाही म्हणून अपक्ष उभं राहावं लागायचं, त्याला आता शेजारच्या गाळ्यात तिकीट मिळतं. अपक्ष उमेदवार पक्षात शिरला इतकंच. अपक्ष वृत्ती तर आमच्याकडे पक्षांच्या आत फार जुनी आहे. खानदेशात पुढाऱ्याचा पक्ष कोण विचारतो? नाथाभाऊ, गिरीशभाऊ (महाजन), सुरेशदादा, गुलाबभाऊ (पाटील). नात्याचा शब्द टिकतो, पक्षाचं नाव गळून पडतं. सुरेशदादा जैन व्यापारी घराण्यातले. काँग्रेस, शिवसेना, राष्ट्रवादी, परत शिवसेना असा त्यांचा प्रवास झाला, पण जळगाव शहर तीन दशकं ‘दादांचं’च होतं. महापालिकेत तर खानदेश विकास आघाडी असं स्वतंत्र नाव घेऊन ते 2013 ला जिंकले. मग जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयानं जामीन दिला. तेव्हा ‘पक्षवाला खातो, स्वतंत्र माणूस खात नाही’ किंवा त्याच्या उलट, असला कुठलाही सरळसोट नियम जळगाव जिल्ह्यात तरी कुणी सांगू नये.

मग अपक्षानं सत्तेच्या बाजूला जाऊन बसणं ही मतदाराची फसवणूक आहे का? शहाणी माणसं तसं म्हणतात. मी म्हणणार नाही. पाडळसरे धरण घ्या. तापीवरचं निम्न तापी प्रकल्पाचं हे काम किती निवडणुकांच्या भाषणांत आलं, किती सरकारांनी त्याला मान्यता, सुधारित मान्यता, फेरसुधारित मान्यता दिल्या! नदी डोळ्यासमोरून सुरतेकडे वाहत जाते आणि काठावरची विहीर एप्रिलमध्ये आटते. अशा तालुक्यातला मतदार आमदाराला सांगतो की तत्त्व राहू दे, मंत्रालयात तुझी फाईल हलली पाहिजे. आमदार निधी आता वर्षाला पाच कोटी आहे. त्यात गावात काँक्रीटचे रस्ते होतात, सभागृहं होतात, धरण होत नाही. धरणाला सरकार लागतं. म्हणून अपक्ष उभा राहतो स्वतःच्या पैशावर, पण आमदारकी चालवतो सरकारच्या पैशावर. हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं.

माझी तक्रार पुढची आहे. या व्यवहाराची पावती मतदाराच्या हातात नसते. पक्षाचा आमदार फिरला तर किमान म्हणता येतं, कमळावर मत घेतलं आणि घड्याळाकडे गेला. जाहीरनामा असतो, व्हिप असतो, पुढच्या वेळी तिकीट कापणारा कुणीतरी असतो. हे सगळं कितीही पोकळ झालेलं असलं तरी बोट दाखवायला जागा असते. अपक्षानं मुळात काहीच कबूल केलेलं नसतं. शिट्टीचा जाहीरनामा काय असतो?

आणि खेदाची गोष्ट ही की पावती म्हणजे काय, हे महाराष्ट्रात सगळ्यात आधी ज्या गावांना कळलं त्यात अमळनेर आहे. डिसेंबर 1945 मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले. काहींनी ते ट्रंकेत ठेवले, विसरले आणि नातवंडं कोट्यधीश झाली. ही गोष्ट आता इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यातला महत्त्वाचा भाग हरवला. 1966 साली वडील अचानक गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट टाकून कंपनी सांभाळायला आले. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकानं उभं राहून त्यांना तोंडावर सांगितलं की हे तुम्हाला जमणार नाही, शेअर विका आणि जाणत्या माणसाच्या हाती कंपनी द्या. ही आठवण खुद्द प्रेमजींनीच पुढे सांगितली. त्या भागधारकाचा अंदाज साफ चुकला, पण त्याला विचारायची जागा होती. वर्षातून एकदा सभा, आधी नोटीस, हातात ताळेबंद, आणि मालकाला समोर बसून ऐकून घ्यावंच लागणार. मूठभर शेअर असलेल्याला हा हक्क. मत देणाऱ्याला मात्र पाच वर्षांतून एकदा भरीत-पुरी.

याला ‘पूर्वीचे शेठ बघा कसे होते’ असं वळण देऊ नका, अशी विनंती. अमळनेरात प्रतापशेठजींनी गिरणी काढली, शाळेला पैसा दिला, 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गावाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण त्यांच्याच नावाच्या शाळेत मास्तरकी केलेले साने गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या बाजूनं उभे राहिले. दानशूर मालकाच्या गावातसुद्धा मजुरीचा प्रश्न दानानं सुटत नाही, तो वेगळा मांडावा लागतो, हे गुरुजींना कळलं होतं. आजच्या धंदेवाल्या उमेदवारानं वाटलेल्या ॲम्ब्युलन्सबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. ॲम्ब्युलन्स चांगली आहे. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर का नाही, हा प्रश्न तिच्यात बसवून परत पाठवता येत नाही.

व्यापाऱ्यानं राजकारणात येऊ नये असं म्हणणारा मी नव्हे. उलट ज्यानं पगार दिलेत, बँकेचे हप्ते भरलेत, विजेच्या भारनियमनात मशीन चालवलंय, त्याला सरकारी कारभारातला आळस जास्त टोचतो. जळगावच्या डाळ मिलवाल्यांना किंवा चटई उद्योगवाल्यांना एमआयडीसीच्या रस्त्यांबद्दल बोलतं करून बघा, विरोधी पक्षनेत्यापेक्षा चांगलं भाषण ऐकायला मिळेल. पण धंदा आणि आमदारकी एका गल्ल्यात मोजली जाऊ नये, यासाठी कायद्यात जी तरतूद आहे ती जाळीसारखी आहे, लहान मासे अडकतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 9-अ कलम म्हणतं, राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा ठेका स्वतःच्या धंद्यात चालू असेल तर आमदार म्हणून अपात्र. पण ठेका कंपनीच्या नावावर असला तर? भावाच्या नावावर असला तर? नगरपालिकेचा असला तर? तिथे हे कलम हात वर करतं.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर उमेदवाराच्या शपथपत्रात भर पडली. उत्पन्न कुठून येतं ते लिहायचं होतंच, आता सरकारशी स्वतःचे, पत्नीचे किंवा पतीचे, अवलंबितांचे, भागीदारीतल्या फर्मचे, खाजगी कंपनीचे जे करार असतील तेही लिहायचे. म्हणजे प्रश्न विचारायला लागणारा कागद तयार आहे, तोही उमेदवाराच्या सहीनं.

अपक्ष उभा राहणाऱ्या उद्योजकाला गावानं तेवढ्यावरही सोडू नये. विधानसभा त्रिशंकू झाली तर कुणाच्या बाजूला बसणार, हे अर्ज भरतानाच लेखी घ्यावं. ‘जनता सांगेल तसं’ हे उत्तर चालणार नाही, कारण निकालानंतर जनतेला विचारायला रिसॉर्टमधून कुणी आल्याचं ऐकिवात नाही. आणि तालुक्याच्या गावी वर्षातून एक सभा, निधी कुठे गेला आणि आपल्या फर्मला, भावाच्या फर्मला, मेहुण्याच्या फर्मला तालुक्यात कुठली कामं मिळाली याच्या छापील कागदासह. धंदा करणाऱ्या माणसाला हे अवघड नाही, त्याचा सीए त्याच्याकडून दरवर्षी याहून जास्त कागद मागतो. पक्षाच्या आमदाराकडेही हे मागावं, पण तो हायकमांडकडे बोट दाखवून सुटेल. अपक्षाला बोट दाखवायला वर कुणी नाही. त्याचा खरा स्वतंत्रपणा असेल तर तो इथेच दिसेल.

हे मागणार कोण, असं कुणी विचारलं तर मी जरा गप्प होतो. पूर्वी हे विचारणारी माणसं पंचायत समिती, जिल्हा परिषद, दूध संघ, बाजार समिती यांतून घडायची. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत 2022 ला संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. खालच्या पायऱ्याच काढून घेतल्यावर वर चढतो तो ज्याच्याजवळ स्वतःची शिडी विकत घ्यायला पैसे आहेत तो. मग आपण त्यालाच विचारतो, तू शिडी आणली कुठून?

शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, फोनवर उघडतात. नोव्हेंबर 2024 ला प्रचार ऐन भरात असताना आमच्या टपरीवर रोज दोन तास चर्चा व्हायची, कोण किती खाईल आणि कोण नाही खाणार यावर. त्यातल्या एकानंही ते शपथपत्र उघडलं नव्हतं. मीसुद्धा उघडलं ते मतदान करून आल्यावर, बोटावरची शाई सुकत असताना.